वाचकांचे प्रश्न : सुती कापडावर झिंक ऑक्साइड टिकवायचं कसं?

प्रश्न : जंतुरोधक गुणासाठी सुती कापडावर झिंक ऑक्साइडचे नॅनोकण पाण्यात ढवळून मँगलवर (कापड द्रावणात बुडवून पिळणाऱ्या रुळांवर) लावले. तीन-चार धुण्यांत गुण गेला. नंतर त्याच बाथमध्ये (द्रावणात) सायट्रिक आम्ल घातलं, तर दुधाळ बाथ पाण्यासारखा निवळला. काय चुकलं? बाइंडर (कण चिकटवून धरणारा पदार्थ) वापरावा का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नुसते लावलेले कण धाग्यांच्या फटींत अडकून असतात, डिटर्जंट त्यांना सहज सोडवतो. सायट्रिक आम्लाची कल्पना योग्यच आहे. पण झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतं. बाथ निवळला म्हणजे कण संपले. म्हणून आधी आम्ल, मग कण, असे दोन टप्पे करा.

कापड नीट स्कावर केलेलं, म्हणजे त्यातलं तेल-मेण धुऊन काढलेलं हवं. पाण्याचा थेंब लगेच शोषला गेला नाही, तर पुढे जाऊ नका. लिटरला ६० ग्रॅम सायट्रिक आम्ल आणि ४० ग्रॅम सोडियम हायपोफॉस्फाइट (उत्प्रेरक) घेऊन ८० टक्के पिकअपवर पॅड करा (म्हणजे बुडवून असं पिळा, की कापडाच्या वजनाच्या ८० टक्के द्रावण त्यात राहील), ८५ अंशांवर सुकवा, १६० अंश सेल्सियसला ३ मिनिटं क्युअर करा (कोरड्या उष्णतेने पक्कं करा) आणि स्वच्छ धुवा. आम्ल सेल्युलोजशी एस्टर बंधाने जोडलं जातं, त्याचे काही कार्बॉक्सिल (आम्लधर्मी) गट मोकळे राहतात. कण धरतात ते हेच. ते तयार झाले का, हे पाहायला एक पट्टी मेथिलिन ब्लू या रंगद्रव्याच्या पातळ द्रावणात ५ मिनिटं बुडवून धुवा. साध्या कापडापेक्षा ती स्पष्ट गडद निळी दिसली पाहिजे. फरक नसेल, तर क्युअरिंग कमी पडलंय. १७० च्या वर मात्र जाऊ नका. कापड पिवळं पडतं आणि ताकदही घटते, म्हणून ताण सोसण्याची ताकद आधी-नंतर मोजाच.

दुसऱ्या बाथसाठी लिटरला ५ ग्रॅम कण मृदू पाण्यात अल्ट्रासोनिकने अर्धा तास विखरा, पीएच ७ ते ८ ठेवा. या पीएचला कण धनभारित असतात आणि कार्बॉक्सिल गट ऋणभारित. त्यामुळे डिस्पर्संट (कण विखुरलेले ठेवणारा पदार्थ) नॉन-आयॉनिकच, म्हणजे भार नसलेलाच घ्या, अ‍ॅनायॉनिक (ऋणभारित) घेतलात तर ही ओढच मोडते. जड पाण्यातलं कॅल्शियमही कणांची जागा अडवतं. ८० टक्के पिकअपने किलोभर कापडावर ४ ग्रॅम कण बसतात. सुकवून १२० अंशांना ३ मिनिटं द्या आणि सुटे कण धुऊन काढा.

अ‍ॅक्रिलिक बाइंडरने कण टिकतात, पण त्याच्या थराखाली झाकले जातात आणि कापड कडक होतं. पडद्यांना चालेल, अंगाच्या कपड्यांना नको. आम्लधर्मी घामातही झिंक ऑक्साइड हळूहळू विरघळतं, तेव्हा बनियनसाठी करत असाल तर धुण्याच्या चाचणीबरोबर घामाची चाचणीही लावा.