फॉर्मलीनमध्ये २४ तास ठेवलेली ऊती बीएसएल-३ मधून बाहेर काढता येते का?

तुम्ही विचारलंय की संसर्ग केलेल्या उंदरांची फुफ्फुसं बीएसएल-३ मधून (घातक जंतूंसाठीच्या कडक सुरक्षेच्या प्रयोगशाळेतून) साध्या हिस्टॉलॉजी विभागात (जिथे ऊतीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात) द्यायची असतील, तर २४ तास फॉर्मलीन पुरेल का. नुसत्या तासांवर बाहेर काढू नका. तुकड्याची जाडी, द्रवाचं प्रमाण आणि जंतू कोणता, हे ठरल्याशिवाय तासांना अर्थ नाही.

१० टक्के न्यूट्रल बफर्ड (आम्लता स्थिर ठेवलेलं) फॉर्मलीन सुरुवातीला तासाला साधारण १ मिलिमीटर आत शिरतं, मग वेग मंदावतो. शिरल्यावर प्रथिनं बांधली जायला आणखी बराच वेळ लागतो. म्हणून तुकडा ५ मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि फॉर्मलीन ऊतीच्या किमान १० पट; मी २० पट घेतो. यकृत किंवा प्लीहा कापल्यावर मधोमध लालसर पट्टा दिसला, तर तो भाग अजून कच्चा आहे.

फुफ्फुस हवेमुळे तरंगतं आणि वरची बाजू कोरडी राहते. श्वासनलिकेतून फॉर्मलीन भरून फुगवा, नळी दोऱ्याने बांधा, वर गॉझ ठेवा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते झाकणाकडे. झाकणाच्या आट्यांत अडकलेल्या कणाला किंवा रक्ताच्या थेंबाला फॉर्मलीन लागलेलंच नसतं. त्यामुळे मुदत संपली की जैवसुरक्षा कॅबिनेटमध्येच (गाळलेल्या हवेच्या बंदिस्त कपाटात), स्वच्छ चिमट्याने, नमुना नव्या बाटलीत ताज्या फॉर्मलीनमध्ये घाला. बाटली बाहेरून जंतुनाशकाने पुसा आणि ठरलेला संपर्ककाळ संपेपर्यंत ओली राहू द्या. ७० टक्के अल्कोहोल लवकर उडून जातं, आणि बीजाणूंवर त्याचा उपयोग होत नाही.

तुमची पद्धत चालते याचा पुरावा तुमच्याच प्रयोगशाळेत हवा: तेवढ्याच जाडीची, जास्तीत जास्त जंतुभार असलेली ऊती घेऊन. इथे एक फसगत होते. उरलेल्या फॉर्मलीनने कल्चरमधल्या पेशीच मरतात किंवा विषाणू दबतो, आणि निकाल खोटाच 'निगेटिव्ह' येतो. आधी नीट धुवा किंवा डायलिसिस करा (पातळ पडद्यातून फॉर्मलीन निघून जाऊ द्या); मग त्याच धुतलेल्या अर्कात थोडा जिवंत विषाणू मुद्दाम मिसळून तो वाढतोय का, हे पाहा. मुख्य नमुन्याचे दोन-तीन पॅसेज करा, म्हणजे एका कल्चरमधलं द्रव पुढच्या ताज्या कल्चरमध्ये घाला. वाट पाहण्यात घाई नको. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीत (रोगनियंत्रण केंद्रात) अँथ्रॅक्सच्या प्लेटवर २४ तासांत वाढ दिसली नाही म्हणून नमुने बाहेर दिले गेले. इन्क्युबेटरमध्येच राहून गेलेल्या प्लेटवर ८ दिवसांनी वाढ सापडली.

प्रायॉनचा (मेंदूचे रोग करणाऱ्या विकृत प्रथिनांचा) संसर्ग फॉर्मलीनने जात नाही. तिथे फॉर्मिक ॲसिडची वेगळी पायरी लागते.

ऊतीतून आरएनए (जनुकीय रेणू) काढायचा असेल तर ट्रायझोल हे पेशी विरघळवणारं रसायन वापरा: ५० ते १०० मिलिग्रॅम ऊतीला १ मिलिलिटर. गाठी न ठेवता पूर्ण होमोजिनाइझ करा (एकजीव वाटा), कारण गाठीच्या आत ट्रायझोल पोचत नाही. या कचऱ्यात ब्लीच कधीही ओतू नका, विषारी वायू निघतो. आणि उणे ८० अंशांवर गोठवलेला नमुना निष्क्रिय धरू नका. गोठवल्याने जंतू टिकतात.

बाटलीवर फॉर्मलीनमध्ये टाकल्याची व बदलल्याची तारीख-वेळ लिहा, आणि जीवसुरक्षा समितीने मंजूर केलेल्या पद्धतीचा क्रमांक टाका.