टीव्हीवरची बालगाणी: वाचकांचे प्रश्न

शाळेत जाण्याआधीच्या मुलांसाठी टीव्हीवर जे गाण्यांचे शैक्षणिक कार्यक्रम लागतात, त्यांबद्दल बरीच पत्रं आली. त्यातले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. टीव्हीवरचं अंकांचं गाणं ऐकून एक ते वीस घडाघडा म्हणतो. पण 'पाच चमचे आण' म्हटलं की मूठभर उचलून आणतो. मग गाण्याचा उपयोग काय? (एक आई, सांगली)

उपयोग आहे, पण गाण्याने काम अर्धंच केलंय. चाल लागली की शब्द एकमेकांना चिकटतात आणि मागचा शब्द पुढच्याला ओढून आणतो. तुमच्या मुलाच्या दृष्टीने 'एक दोन तीन चार पाच' हे अजून पाच शब्द नाहीत, ती एक ओळ आहे. इंग्रजी मुळाक्षरांच्या गाण्यातही हेच होतं. त्यात एल, एम, एन, ओ ही अक्षरं दुप्पट वेगाने येतात, म्हणून कित्येक मुलांना ते सगळं मिळून एकच लांबलचक अक्षर वाटतं. घरी तपासायचं असेल तर त्याला नुसतं विचारा, 'सातच्या पुढे काय?' बहुतेक मुलं पुन्हा एकपासून गाडी सुरू करतात.

मोजता येण्यासाठी तीन गोष्टी जमाव्या लागतात. अंकांचा क्रम पाठ हवा, एका वस्तूला एकच अंक द्यायला हवा, आणि शेवटचा अंक म्हणजे 'सगळ्या मिळून इतक्या' हे कळायला हवं. गाणं यातली पहिलीच गोष्ट देतं.

दुसरी कुठे अडते हे पाहायचं असेल तर दहा शेंगदाणे ओळीने मांडा, त्याला मोजायला सांगा आणि त्याच्या बोटाकडे लक्ष द्या. 'एक, दोन, तीन, चार, पाच' म्हणताना बोट बहुधा बरोबर पडेल, कारण यातला प्रत्येक शब्द एकाच ठोक्यात संपतो. गडबड होते ती 'सहा'ला. 'स' म्हणताना बोट एका दाण्यावर जातं आणि 'हा' म्हणताना पुढच्या. 'नऊ' आणि 'दहा'लाही तसंच. मूल शब्द मोजत नाही, तोंडातले ठोके मोजतंय. यासाठी रागावू नका, ही चूक अगदी समंजस आहे.

आता उपाय. आठवडाभर गाणं बाजूला ठेवा आणि तीनच्या पुढे जाऊ नका. स्टीलची रिकामी वाटी घ्या. मुलाने एकेक दाणा त्यात टाकायचा आणि 'टण्ण' वाजलं की अंक म्हणायचा. आधी आवाज, मग अंक. वाटी स्टीलचीच हवी, प्लास्टिकच्या वाटीत ठोका ऐकू येत नाही. वेग साधारण सेकंदाला एक दाणा. तीन झाले की वाटीवर हात ठेवा आणि विचारा, 'आत किती?' त्याने पुन्हा एकपासून मोजायला घेतलं तर तिसरी गोष्ट अजून यायची आहे. उत्तर तुम्हीच द्या: 'एक, दोन, तीन. तीन दाणे.' शेवटच्या अंकानंतर वस्तूचं नाव जोडून तोच अंक पुन्हा म्हणणं, इथेच खरं शिकणं घडतं.

या वयात मुलांना आधी 'एक'चा अर्थ कळतो, मग 'दोन'चा, मग 'तीन'चा, आणि मध्ये काही आठवडे, कधी महिनेही जातात. म्हणजे साडेतीन वर्षांच्या मुलाकडे पाच चमचे मागणं हे थोडं जास्तच आहे. आज दोन मागा. दोन नेहमी बरोबर येऊ लागले की तीन. मग टीव्हीवरचं गाणं पुन्हा लावा, पण रिमोट हातात ठेवून. 'तीन'वर थांबवा आणि त्याला तीन वस्तू दाखवू द्या. तेच गाणं आता त्याला वेगळं ऐकू येईल.

नातीला एकच भाग रोज पाहायचा असतो. नवीन लावला की रडारड. हा हट्ट मोडावा का? (आजोबा, नाशिक)

मोडू नका. १९९६ साली अमेरिकेत 'ब्ल्यूज क्लूज' हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या निर्मात्यांनी एकच भाग सोमवार ते शुक्रवार पाचही दिवस दाखवायचं ठरवलं. अभ्यासकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना तोच भाग पुन्हा पुन्हा दाखवून पाहिला. मुलं कंटाळली नाहीत, उलट दिवसागणिक जास्त बोलू लागली, पडद्यावरच्या प्रश्नाला ओरडून उत्तरं देऊ लागली. पहिल्या दिवशी मूल नुसतं बघत असतं. काय येणार हे माहीत झालं की मगच त्याला भाग घेता येतो.

पाहायचं इतकंच: नात पाचव्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा जास्त बोलते का, गाते का, हातवारे करते का? करत असेल तर खुशाल चालू द्या. दोन-तीन आठवड्यांनीही ती हूं की चूं न करता एकटक बघतच बसली असेल, तर त्या भागात तिच्यासाठी जागाच ठेवलेली नाही. मग तुम्ही शेजारी बसा आणि ओळीचा शेवटचा शब्द मुद्दाम गिळा. तो ती भरेल.

इतके कार्यक्रम आहेत. चांगला कुठला हे आम्ही कसं ओळखायचं? (पालक, पुणे)

नावांची यादी देण्यापेक्षा पारख कशी करायची ते सांगतो. पंधरा मिनिटं पुरतात.

आधी घड्याळ लावून एक मिनिट दृश्यं मोजा. जागा किंवा प्रसंग पूर्ण बदलला तरच एक धरा, कॅमेरा नुसता हलला तर नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले होते. एका गटाने ९ मिनिटं सरासरी दर ११ सेकंदांनी दृश्य बदलणारं कार्टून पाहिलं, दुसऱ्याने दर ३४ सेकंदांनी बदलणारं, तिसऱ्याने चित्रं काढली. लगेच नंतर दिलेल्या, थांबण्याच्या आणि लक्ष धरून ठेवण्याच्या कामांत पहिला गट मागे पडला. ते कार्टून वेगवान होतं तसंच चमत्कारिकही होतं, त्यामुळे सगळा दोष वेगाचाच असं म्हणता येत नाही. तरीही मिनिटात पाच-सहा वेळा जागा बदलत असेल तर तो कार्यक्रम या वयाला आम्ही सुचवणार नाही.

मग स्वतः गाऊन पाहा. लहान मुलांचा सहज गळा पियानोवरच्या मधल्या सी पासून त्याच्या वरच्या ए पर्यंत, म्हणजे पेटीवर पांढरी एक ते पांढरी सहा एवढ्यातच फिरतो. गाणं त्याच्या वर गेलं की मूल किंचाळतं, खाली गेलं की नुसतं बोलतं. पालकांना वाटतं मूल बेसूर आहे. बहुतेक वेळा गाण्याची पट्टी चुकलेली असते. पुरुषाच्या खर्जातल्या आवाजापेक्षा बाईच्या किंवा मुलाच्या आवाजाशी मुलांना सूर जुळवणं सोपं जातं.

लयही मोजा: १५ सेकंदांतले ठोके गुणिले चार. उड्या मारायच्या गाण्याला १२०च्या आसपास लय ठीक, कारण मुलांची स्वतःची लय मोठ्यांपेक्षा जलदच असते. पण ज्यातले शब्द शिकायचे आहेत ते गाणं ९०च्या आसपास असावं. जलद गाण्यात मूल ओळीचं शेपूट तेवढं पकडतं.

राहिली गोष्ट लक्षाची. १० नोव्हेंबर १९६९ला अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट' हा लहान मुलांचा शैक्षणिक कार्यक्रम सुरू झाला, त्याआधी त्याचे तुकडे मुलांना दाखवताना बाजूच्या पडद्यावर दर काही सेकंदांनी बदलणारी रंगीत चित्रं लावत आणि मुलाची नजर कुठल्या क्षणी तिकडे वळते हे टिपत. नजर वळली तो तुकडा दुरुस्तीला. घरी शेजारी दोन खेळणी ठेवा, तेच काम होतं. मात्र नजर हटली म्हणजे काहीच पोचलं नाही असं समजू नका. १९७९च्या एका अभ्यासात खेळणी जवळ असलेल्या पाच वर्षांच्या मुलांनी टीव्हीकडे जेमतेम निम्मा वेळ पाहिलं, खेळणी नसलेल्यांनी जवळजवळ पूर्ण वेळ. समजलं मात्र दोघांना सारखंच. मुलं कानाने पाळत ठेवतात आणि आपल्या कामाचं काही आलं की मान वळवतात.

मुलगी दीड वर्षाची आहे. घरात आम्ही दोघंच मराठी बोलणारे. मराठी गाण्यांचे व्हिडिओ लावून ठेवले तर भाषा येईल का? (न्यू जर्सी)

या वयात नाही येणार. दोन-अडीच वर्षांपर्यंतची मुलं समोरच्या माणसाकडून जे पटकन उचलतात, तेच पडद्यावरून त्यांना फार कमी उचलता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एक वर्षाच्या मुलांसाठी पडदा नको आणि दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं सांगितलं. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही असाच आहे: दोन वर्षांखाली नाही, दोन ते पाचमध्ये तासाच्या आत आणि मोठ्या माणसासोबत.

आजी-आजोबांबरोबरचा व्हिडिओ कॉल मात्र यात धरू नका. आजी पलीकडून मुलीला पाहून हसते, ती थांबली की थांबते. व्हिडिओला हे जमत नाही. पण कॉलवर गाताना दोन अडचणी येतात. एक, आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे सोबत गायला गेलं की दोघीही लय हरवतात. म्हणून आजीने ओळ म्हणायची, शेवटचा शब्द सोडायचा आणि मनात तीन अंक मोजेपर्यंत गप्प बसायचं. दोन, ॲप मागचा गोंगाट दाबतं आणि त्या भरात लांबवलेला सूर आणि टाळीही गिळून टाकतं. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केलं की हे थांबतं. 'आपडी थापडी'सारख्या हाताच्या खेळात आजीने तिकडे तळहात दाखवायचा आणि आईने इकडे प्रत्यक्ष मुलीच्या हातावर थाप द्यायची. शब्द आजीचा, स्पर्श आईचा.

आणखी एक, घरात कोणी बघत नसताना टीव्ही चालू राहू देऊ नका. मागे टीव्ही चालू असला की एक ते तीन वर्षांची मुलं एका खेळण्याशी कमी वेळ टिकतात, आणि आईवडील मुलांशी कमी बोलतात. तुमच्या घरात मराठी जेवढी आहे ती तुमच्या तोंडचीच आहे.

अंगणवाडीला टीव्ही मिळाला आहे. पटावर २५ मुलं. गाणी लावली की पुढची नाचतात, मागची मारामारी करतात. घरी मुलं भिली आणि पावरी बोलतात. (अंगणवाडी सेविका, नंदुरबार जिल्हा)

मागच्या मुलांना बहुधा शब्द ऐकूच येत नाहीत. भिंतीवरच्या सपाट टीव्हीचे स्पीकर बहुतेक खाली किंवा मागे तोंड केलेले असतात. वर पत्र्याचं छत आणि उघड्या भिंती असल्या तर आवाज घुमतो आणि शब्दांचा चिखल होतो. आवाज वाढवला की चिखलच वाढतो. मदतनीस ताईंना टीव्हीजवळ गाण्याचे चार शब्द नेहमीच्या आवाजात म्हणायला सांगा आणि तुम्ही शेवटच्या रांगेत, मुलांच्या उंचीला बसून ऐका. तिथे ताईंचे शब्द कळले पण टीव्हीचे नाही, तर एक छोटा स्पीकर मुलांच्या मध्याजवळ, बसलेल्या कानाच्या उंचीला ठेवा आणि आवाज कमी करा. खाली सतरंजी आणि टीव्हीसमोरच्या भिंतीवर एखादी जाड चादर टांगली तरी खूप फरक पडतो. मुलांना अर्धगोलात दोनच रांगांत बसवा आणि खिडकीचा उजेड पडद्यावर पडत नाही ना ते पाहा.

भाषेचा मुद्दा याहून मोठा आहे. १९८१ साली अभ्यासकांनी 'सेसमी स्ट्रीट'च्याच तुकड्यांत बोलणं परक्या भाषेत किंवा उलटं करून मुलांना दाखवलं. चित्रं तीच, तरी मुलांचं लक्ष उडालं. तुमच्याकडच्या मुलांपुढे रोज तेच घडतंय. म्हणून टीव्ही लावण्याआधी गाण्यातले चारच शब्द निवडा. चिमणी, घरटं, पाऊस, पान घ्या. वस्तू किंवा चित्र हातात धरा, मुलांना त्यांच्या भाषेत नाव विचारा, तो शब्द आधी सगळ्यांनी म्हणा, मग मराठी. स्थानिक शब्द मदतनीस ताईंकडून पक्का करून घ्या.

मग गाणं तीन मिनिटांचं, एकच, आठवडाभर तेच. सोमवारी नुसतं ऐका. मंगळवारी हातवारे. बुधवारपासून प्रत्येक कडव्यानंतर टीव्ही थांबवून ते कडवं स्वतः गा, तुमच्या पट्टीत आणि थोडं संथ. खडे घातलेले बंद डबे आणि चमचे निम्म्याच मुलांना द्या, बाकीच्यांनी टाळ्या, पुढच्या कडव्याला अदलाबदल. लहान मुलांचा ठोका स्पीकरपेक्षा समोर वाजवणाऱ्या माणसाशी चांगला जुळतो, म्हणून डबा तुमच्याही हातात हवा. शुक्रवारी टीव्ही बंद ठेवून तेच गाणं म्हणा. मुलांना किती आलं ते त्या दिवशी कळेल.

गाणी पेन ड्राइव्हवर एमपी४ स्वरूपात आधीच उतरवून घ्या आणि फाइलना ०१, ०२ असे क्रमांक द्या. नेट अडकून गाणं मध्येच थांबलं की २५ मुलांना पुन्हा बसवायला दहा मिनिटं जातात.