वेट बदलत राहा म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

तुम्ही विचारलंय की माल पोचवायच्या रूटमध्ये किलोमीटर आणि उशीर असे दोन ऑब्जेक्टिव्ह आहेत, म्हणजे दोन्ही कमी करायचेत, तर प्रत्येकाला वेट (किती महत्त्व द्यायचं तो आकडा) देऊन बेरीज करून साधा लोकल सर्च (हातातल्या रूटमध्ये छोटे बदल करत चांगला शोधणं) मारला तर चालेल का, आणि आर्काइव्ह (सापडलेल्या चांगल्या रूटची यादी) केवढा ठेवायचा. नाही चालत. हेच इंदूरला भर मीटिंगमध्ये बोललो म्हणून वर्षभर टोमणे खाल्लेत.

नमकीनवाल्यांकडे होतो, सांवेर रोडहून दोन टेम्पो निघायचे, सियागंज, राजवाडा, पलासिया करत पार राऊपर्यंत. दोन्ही टेम्पो मिळून तीन रूटचे पर्याय होते: १०० किमी आणि १२ दुकानांना उशीर, ११२ आणि ७, १२० आणि २. तिसऱ्यात संध्याकाळच्या गर्दीत राजवाड्यात दोनदा शिरायचं, ड्रायव्हर म्हणाले भिया आपल्याच्यानं होणार नाही, त्यांना मधला हवा होता. आणि साहेबांच्या वेटची बेरीज करणाऱ्या एक्सेलमध्ये मधला कधी येईचना! म्हणे वेट बदलत राहा, निघेल. अहो कसा निघेल, एका उशिराचे किती किलोमीटर धरायचे तो आकडा पहिल्याला हरवायला २.४ च्या वर पाहिजे आणि तिसऱ्याला हरवायला १.६ च्या खाली, म्हणजे असं वेटच नाही. मधला कोणाकडून डॉमिनेट होत नाही, म्हणजे किलोमीटर आणि उशीर दोन्हींत त्याला मागे टाकणारा रूट नाही, तरी बेरजेला दिसत नाही. गणित दहावीचं आहे, पण साहेब म्हणाले तू फार शिकलास.

मग घरी बसून पॅरेटो लोकल सर्च लिहिला, पाकेते वगैरे मंडळींचा २००४ चा. आर्काइव्हमधला एक न तपासलेला रूट उचला, त्याचे सगळे शेजारी (एका छोट्या बदलानं होणारे रूट) बघा, जो डॉमिनेट होत नाही तो आत, त्याच्यामुळे जे डॉमिनेट झाले ते बाहेर, सगळे तपासून झाले की थांबा. पहिल्या रूटमधली दोन दुकानं या टेम्पोतून त्या टेम्पोत टाकली आणि मधला समोर!

आर्काइव्हला दोन ऑब्जेक्टिव्ह असेतो मर्यादा घालूच नका. तीन-चार झाले की नॉन-डॉमिनेटेड रूट फार वाढतात, मग छाटावं लागतं, ते परत कधी.

हां, एक राहिलं, रँडमपासून सुरू केलं तर हा प्रकार रेंगाळतो. आधी वेटवाली दोन-चार उत्तरं काढून तिथून सोडा, लुस्त आणि तेगेम यांनी २०१० मध्ये सेल्समनच्या प्रॉब्लेमवर (सगळ्या शहरांतून एकेकदा जाऊन परत यायचा रूट काढायचा) हेच केलं. म्हणजे साहेबांचं एक्सेल तेवढ्यापुरतं बरोबर. ते त्यांना मी सांगितलेलं नाही. ड्रायव्हर शेवटपर्यंत मधल्यानंच जायचे आणि शीटवर तिसरा भरायचे.