वातावरणातला 'आवर'

खानापूरकडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: "आज वातावरण ढगाळ आहे" बरोबर, की "आज हवामान ढगाळ आहे"?

दोन्ही नकोत. "आभाळ भरून आलंय" म्हणा, "मळभ आलंय" म्हणा. आजची ती हवा, वर्षानुवर्षांचं ते हवामान. कन्नडमध्ये 'हवामान' म्हणजे आजची हवा, वर्षानुवर्षांच्या हवामानाला तिथं 'वायुगुण' म्हणतात. वातावरण मात्र सगळ्या पृथ्वीला मिळून एकच. ते बेळगावात गार आणि निपाणीत गरम असं नसतं. सभेतलं, लग्नघरातलं वातावरण ही लक्षणा, तिच्याशी भांडण नाही.

खरी गंमत पुढेच आहे. वात अधिक आवरण, म्हणजे हवेचं पांघरूण, एवढं सांगून बहुतेक व्युत्पत्तीकार थांबतात. मला ते अर्धवट वाटतं. आ + वृ या धातूतूनच आपलं 'आवरणं' आलंय. घर आवर, राग आवर, गुरं आवर. झाकणं आणि धरून ठेवणं, दोन्ही त्यात आहेत. हवेच्या बाबतीत दुसरा अर्थच मोलाचा, कारण हवा जागेवर राहते ती गुरुत्वाकर्षणानं आवरली म्हणून. हवेचे रेणू सेकंदाला सुमारे अर्धा किलोमीटर पळतात. पृथ्वीवरून सुटायला 11.2 किलोमीटरचा वेग लागतो. म्हणून 78 टक्के नायट्रोजन, 21 टक्के ऑक्सिजन आणि जेमतेम 1 टक्का आरगॉन इथंच राहिले. हायड्रोजन सर्वांत हलका. अगदी वरच्या, तापलेल्या थरात त्याचे वेगवान अणू हा वेग गाठतात आणि निसटतात. चंद्राला 2.4 किलोमीटरच्या वेगाचाही पळपुटा आवरत नाही, म्हणून तिथं नावापुरतीच हवा.

एवढ्यासाठीच वातावरणाच्या थरांच्या नावांतही 'आवरण' हवं, असं माझं ठाम मत आहे. जमिनीलगतच्या थराचं शाळेतलं नाव 'तपांबर' मला मुळीच पटत नाही. जमिनीच्या तापानं तापणारं अंबर, असं समर्थन करतात. पण पोराच्या डोक्यात राहतो तो ताप, आणि या थरात तर वर जावं तसं दर किलोमीटरला सरासरी 6.5 अंशांनी गार होत जातं. पणजीहून चोर्ला घाट चढून साडेसातशे मीटरवरच्या बेळगावात या, सुमारे 5 अंशांचा फरक अंगाला कळतो. 'क्षोभावरण' म्हणा, कारण इथली हवा सतत ढवळली जाते. कन्नड शालेय पुस्तकातलं याच थराचं नाव 'परिवर्तना मंडल' हेच सांगतं, आणि ते तपांबरापेक्षा सरस आहे.

पण त्याच पुस्तकातलं त्यावरच्या थराचं नाव 'समोष्ण मंडल' चुकलंय. या थराच्या तळाशी काही किलोमीटर तापमान जवळजवळ सारखं असतं, तेवढ्यावरून ते नाव पडलं. वर ओझोन अतिनील किरणं शोषतो आणि सुमारे उणे 55 अंशांवरून तापमान 50 किलोमीटरपर्यंत जवळजवळ शून्याला येतं. मग सम कुठं राहिलं? नावात 'आवरण' नसलं, तरी इथं मराठीचं 'स्थितांबर' अर्थानं अचूक आहे. खाली गार, वर ऊबदार, त्यामुळं हवा वर-खाली होत नाही. एप्रिल-मेमध्ये वळवाचा ढग कधी लांबून बघा. फुलकोबीसारखा फुगत चढतो आणि अगदी उंच गेला, तर सोळा-सतरा किलोमीटरवर माथा सपाट होऊन ऐरणीसारखा आडवा पसरतो. तो सपाट माथा म्हणजेच स्थितांबराचा तळ.