तुझ्या वहीतली तेवीस वाक्यं

चि. मुला,
अनेक आशीर्वाद.

काल तू वही इथेच ठेवून गेलास. ‘आय डोन्ट नो’ म्हणायच्या तेवीस तऱ्हा, सुवाच्य अक्षरात, ओळीने उतरवलेल्या. आणि खाली लाल शाईत तुझा प्रश्न: अर्थ एकच आहे, तर क्लायंटला ‘आय हॅव नो क्लू’ लिहिलं म्हणून साहेब एवढे का चिडले?

अर्थ एकच नाही रे! आपण कुणाच्या घरून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आजोबा ‘गेले’, शेजारचे काका ‘वारले’, उंदीर ‘मेला’. हे तुला कुणी वहीत लिहून दिलं नव्हतं, तरी तू कधी चुकला नाहीस. कारण मराठीत तुला आधी समोरचा माणूस दिसतो, शब्द नंतर सुचतो. इंग्रजी आली की तू माणूस विसरतोस आणि यादी काढतोस. आधी माणूस, मग वाक्य.

मी हे कुठून शिकले ते सांगते. 1986 साली मी एका कारखान्याच्या निर्यात विभागात पत्रव्यवहार बघायची. इंग्लंडमधल्या एका गिऱ्हाइकाची आई गेली. मी सांत्वनाचं पत्र टाइप केलं, ‘युवर मदर हॅज एक्स्पायर्ड’. साहेबांची सही झाली, पत्र गेलं. उत्तर आलं दोन ओळींचं. तोवर तो गृहस्थ प्रत्येक पत्राच्या शेवटी पुण्याच्या पावसाची चौकशी करायचा. ती चौकशी पुन्हा कधी आली नाही. तिकडच्या रोजच्या बोलण्यात एक्स्पायर होतो तो पासपोर्ट, नाहीतर दुधाची बाटली, हे मला कित्येक वर्षांनी कळलं.

आजही सांगते, शब्द चुकीचा नव्हता. लॅटिनमधून आलेला, मुळात श्वास सोडणे या अर्थाचा. मृत्यूसाठी इंग्रजीत तो शतकानुशतकं वापरला गेलाय, आणि आपल्याकडे तर घरोघरी चालतो. माझ्या मनात खोट नव्हती, शब्दकोश उघडूनच लिहिलं होतं. मग मी काय चुकले? पत्र त्याच्या हातात पडणार होतं आणि मी ते माझ्या कानाने वाचून पाठवलं, एवढंच. पण तेवढ्याने एका दुःखी माणसाला मी परकं केलं, आणि ते अजून सलतं.

इंग्रजीत अशा जोड्या इतक्या का, तेही समजून घे. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. घरातली, शेतातली भाषा जुनीच राहिली, दरबारात आणि कचेरीत फ्रेंच आली, विद्वानांची लॅटिन होतीच. म्हणून आस्क घरचा, क्वेश्चन फ्रेंचमधून आलेला, इंटरॉगेट लॅटिनमधून. तिन्हींचा अर्थ ‘विचारणे’, पण आई आस्क करते आणि पोलीस इंटरॉगेट करतात. रॉजे नावाच्या डॉक्टरने 1852 साली समानार्थी शब्दांचा प्रसिद्ध कोश छापला, तो अक्षरानुक्रमे नाही, कल्पनांनुसार लावलेला. एका कल्पनेभोवतीचे शब्द शेजारी ठेवून त्यातला नेमका निवडता यावा म्हणून. तू मात्र पाठ करायला बसलास.

आणि देश बदलला की तोच शब्दही फिरतो. ‘क्वाइट गुड’ अमेरिकन माणसाने म्हटलं तर काम चांगलंच आवडलंय. इंग्रज म्हणाला तर पुष्कळदा ‘बरं आहे’ एवढंच. आता कुठल्या यादीत लिहिशील हे? म्हणून पुन्हा सांगते, कंटाळलास तरी सांगते: आधी माणूस, मग वाक्य.

‘आय हॅव नो क्लू’ चहाच्या टपरीवर मित्राला म्हण, छान आहे. पैसे मोजणाऱ्या क्लायंटला त्यातून ऐकू येतं की याला माहीत नाही आणि हा शोधणारही नाही. त्याला हवं होतं ‘आय ॲम नॉट शुअर, लेट मी चेक’ आणि पुढे कधीपर्यंत कळवशील ती वेळ. साहेब त्या न लिहिलेल्या वेळेसाठी चिडले. मीही चिडले असते.

वही फाडू नकोस, अक्षर सुरेख आहे. प्रत्येक वाक्यापुढे एक रकाना आख आणि त्यात लिही, हे मी कुणाला म्हणेन. ज्याच्यापुढे कुणी सुचणार नाही, ते वाक्य सध्या राहू दे. रविवारी सकाळी ये, आणि क्लायंटला पाठवायचं उत्तर पाठवण्याआधी मला मोठ्याने वाचून दाखव.

तुझी,
मावशी