गोष्टीला दहापैकी तीन

"मॅडम, तोंडानं सांगायला लागला की थांबत नाही. लिहायला बसवलं की चार ओळींत संपवतोय. ह्याला काही दोष तर नाही नव्हं?"

खानापूर तालुक्यातल्या एका आईचा हा प्रश्न. निपाणीकडून, बेळगाव शहरातूनही असाच प्रश्न येतो, विशेषतः एफए-एसएचे, म्हणजे शाळेतल्या आकारिक आणि संकलित मूल्यमापनाचे, गुण हातात पडले की. मुलगा चौथीत, मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वहीत होतं ते असं: 'भात कापणीला आला होता. रातरी गवा आला. आज्यान डबा वाजीवला. गवा हालेना. मग मि पन वरडलो.' 'रातरी'पासून 'वरडलो'पर्यंत लाल गोलच गोल, खाली शेरा: शुद्धलेखन सुधारा. मिळाले तीन.

गुण दिले ते शुद्धलेखनाला. गोष्टीला कुणी दिलेच नाहीत.

गोष्ट तपासायची तर वेगळे प्रश्न लागतात. कोण, कुठे, अडचण काय आली, त्यावर काय केलं, शेवटी काय झालं? मुलांच्या गोष्टींची ही बांधणी स्टाइन आणि ग्लेन या अमेरिकी अभ्यासक बायकांनी 1979 मध्ये मांडली. या मुलाच्या पाच वाक्यांत जागा आहे, अडचण आहे, फसलेला उपाय आहे, दुसरा उपायही आहे. नाही तो फक्त शेवट. गवा गेला का? मी विचारल्यावर त्यानं बॅटरीच्या उजेडात चमकलेले डोळे, गप्प झालेलं कुत्रं, सकाळी तुडवलेला भात, सगळं ओळीनं सांगितलं. डोक्यात गोष्ट पक्की आहे, हाताला वेळ लागतोय. चुकेल म्हणून तो अवघड शब्दच टाळतो, हे माझं मत.

लिहिण्याचा वेग मात्र वेगळा बघावा लागतो. मिनेसोटा विद्यापीठात स्टॅनली डेनो यांनी सहकाऱ्यांबरोबर एक साधी पद्धत रुजवली: गोष्टीची सुरुवात द्यायची, काही मिनिटं लिहू द्यायचं, एकूण शब्द आणि बरोबर लिहिलेले शब्द मोजायचे. तिथले इंग्रजीचे आकडे आपल्या पोरांना लावू नका. मुलाचं आजचं लिखाण त्याच्याच मागच्या लिखाणाशी ताडून बघा. एका कागदावरून तर काहीच ठरवू नये. निरनिराळ्या दिवशी लिहिलेल्या दोन-तीन गोष्टी तरी हव्यात.

दोषाचं म्हणाल तर, तोंडी सांगतानाही घटना उलटसुलट होत असतील, वाचनही अडखळत असेल किंवा स्वतः लिहिलेलं स्वतःलाच वाचता येत नसेल, तर तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. विशिष्ट अध्ययन अक्षमतेला, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात सतत येणाऱ्या अडचणीला, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्यता आहे, त्यामुळे लाजण्यासारखं काही नाही. या मुलात तसं काही दिसलं नाही, म्हणून मी चाचणी सुचवली नाही.

घरी काय करायचं? तो सांगेल तशी गोष्ट आईनं उतरवून घ्यायची आणि त्यानं ती वाचायची. मग त्यातला एकच प्रसंग त्यानं स्वतः लिहायचा.

बाईंशी बोलले. वर्ग मोठा, वह्यांचा ढीग, त्यांची अडचण खरी. तरी गोष्टीला आणि लेखनाला वेगवेगळे गुण द्यायला त्या तयार झाल्या. या महिन्यात लाल पेन फक्त जोडाक्षरांवर.

"बाकीच्या चुका तशाच सोडायच्या होय?" आईनं विचारलं.

पुढच्या महिन्यापर्यंत, हो.