पाणी काढलेल्या कोळशाचा चीनपर्यंतचा प्रवास

प्रश्न : ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात तपकिरी कोळशाचे प्रचंड साठे आहेत आणि तो खणून काढणेही स्वस्त पडते, असे वाचनात आले. त्यातील पाणी काढून, म्हणजेच त्याची प्रत सुधारून, तो चीनमधील औष्णिक वीज केंद्रांना विकण्याची चर्चा वर्षानुवर्षे होत आली आहे. मग हा व्यापार उभा का राहिला नाही? (अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी)

उत्तर : आपण ‘पाणी काढून’ असे सहज लिहिले आहे, परंतु सगळी अडचण तिथूनच सुरू होते. मेलबर्नच्या पूर्वेला सुमारे १५० किलोमीटरवर लाट्रोब खोरे आहे. तिथे कोळशाचे थर काही ठिकाणी शंभर मीटरहून अधिक जाड असून त्यांच्यावरील मातीचे आवरण तुलनेने पातळ आहे, त्यामुळे खुल्या खाणीतून तो अवजड यंत्रांनी अक्षरशः खरवडून काढता येतो. मात्र नुकताच काढलेला तुकडा हातात घेतला, तर तो कोळशापेक्षा ओल्या, घट्ट मातीसारखा लागतो. तो बोटांनी मोडतो, मोडलेल्या जागी कित्येकदा प्राचीन झाडाच्या लाकडाचे रेषे दिसतात, आणि उन्हात ठेवला की तडे जाऊन त्याचा चुरा होतो. त्याच्या वजनात ६० ते ६५ टक्के पाणीच असते.

हिशेब करून पाहू. एक टन कच्च्या कोळशात ६५ टक्के पाणी धरले, तर कोरडा भाग उरतो ३५० किलो. आर्द्रता १२ टक्क्यांवर आणायची, तर जवळपास ६०० किलो पाणी बाहेर काढावे लागते आणि हाती सुमारे ४०० किलो माल येतो. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.२६ मेगाज्यूल उष्णता लागते. म्हणजे केवळ एवढ्या कामासाठी त्या कोळशातील एकूण उष्णतेच्या सातव्या हिश्श्याइतकी उष्णता खर्ची पडते. खाणीच्या तोंडाशी असलेली स्वस्ताई इथेच आटू लागते.

हा खर्च टाळण्यासाठी केलेल्या खटपटी मला मनापासून कौतुकास्पद वाटतात. एका पद्धतीत कोळसा दाबाखाली इतका तापवतात, की पाणी वाफ न होता द्रवरूपातच बाहेर पडते. ‘कोल्ड्राय’ नावाच्या पद्धतीत कोळसा मळून त्याच्या गोळ्या पाडतात आणि वाया जाणाऱ्या कमी तापमानाच्या उष्णतेवर त्या वाळवतात. सर्वांत जुनी वाट मात्र ब्रिकेटची, म्हणजे वाळवून दाबलेल्या कोळशाच्या विटांची. यालोर्न येथे १९२४ पासून अशा विटा निघू लागल्या आणि मेलबर्नमधील कित्येक घरे पुढे अनेक दशके त्यांच्यावर ऊब घेत राहिली. मॉरवेल येथील विटांचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला. तेव्हा पाणी काढणे अशक्य नाही, हे त्या खोऱ्याने फार पूर्वीच दाखवून दिले आहे.

प्रश्न येतो तो वाळवल्यानंतरच्या प्रवासाचा. वाळलेला तपकिरी कोळसा हवेतील प्राणवायू आणि ओलावा झपाट्याने शोषतो, आतून तापत जातो आणि ढिगात किंवा जहाजाच्या तळघरात आपोआप पेट घेऊ शकतो. समुद्रमार्गे जाणाऱ्या घन मालासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत तपकिरी कोळशाच्या विटांची नोंद साध्या कोळशाहून वेगळी आहे, ती याच स्वभावामुळे. शिवाय न्यू साउथ वेल्समधील न्यूकॅसल बंदरातून निघणाऱ्या दगडी कोळशाला खाणी, रेल्वे आणि धक्के यांची तयार साखळी लाभली आहे. लाट्रोब खोऱ्यातील मालासाठी ती बरीचशी नव्याने उभारावी लागली असती.

सरकारने प्रयत्न केले नाहीत, असे मात्र नाही. केंद्र आणि व्हिक्टोरिया राज्य यांनी २०१२ मध्ये मिळून ९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा प्रात्यक्षिक कार्यक्रम जाहीर केला आणि त्यातील निवडक प्रकल्पांत शांघाय इलेक्ट्रिकच्या ऑस्ट्रेलियातील कंपनीचा विटांचा प्रकल्पही होता. त्यातून मोठी निर्यात उभी राहिली नाही. पुढे २०२० च्या अखेरीस चीनने ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेणे जवळजवळ थांबवले, तेव्हा भरलेली जहाजे चिनी बंदरांबाहेर महिनोन्‌महिने नांगर टाकून उभी होती. ही अडवणूक २०२३ च्या सुरुवातीला सैल झाली. दगडी कोळशाचे हे हाल झाले, तर पडून राहिल्यास तापणाऱ्या कोळशाचे काय झाले असते, याचा विचार गुंतवणूकदाराने करायलाच हवा.

प्रश्न : चीनच्या नियमांत हा कोळसा बसतो का? आणि तिथल्या बॉयलरमध्ये तो चालेल का?

उत्तर : नियमांत बसतो, पण वाळवल्यावरच. १ जानेवारी २०१५ पासून लागू झालेल्या चिनी नियमांनुसार ६०० किलोमीटरहून लांब न्यायच्या तपकिरी कोळशाचे उष्मांक मूल्य, म्हणजे जाळल्यावर मिळणारी उष्णता, किलोमागे किमान १६.५ मेगाज्यूल असावे लागते. लाट्रोबचा ओला कोळसा त्याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळतो. वाळवलेला कोळसा ही अट सहज ओलांडतो, आणि राख व गंधक कमी असल्याने त्या बाबतीतही तो सरस ठरतो. बॉयलरची गोष्ट मात्र वेगळी आहे. राख थोडी असली, तरी तिच्यात सोडियमचे प्रमाण बरेच असू शकते आणि ती नळ्यांवर चिकटून बसते. म्हणून दगडी कोळशासाठी बांधलेल्या संचात तो इतर कोळशात मिसळून वापरणेच शहाणपणाचे ठरते.

प्रश्न : ‘सुधारित’ कोळशामुळे प्रदूषण कमी होते, हा दावा खरा आहे का?

उत्तर : तुलना कशाशी केली आहे, ते आधी विचारावे. ओला कोळसा जाळणारे लाट्रोब खोऱ्यातील हेझलवूड वीज केंद्र एका मेगावॉट-तासामागे जवळजवळ दीड टन कार्बन डायऑक्साइड सोडत असे. त्याच्याशी ताडून पाहिले, तर वाळवलेला कोळसा नक्कीच उजवा आहे. चीनमध्ये मात्र तो दगडी कोळशाची जागा घेणार होता, आणि सारख्याच उष्णतेमागे त्याचा कार्बन डायऑक्साइड दगडी कोळशाहून कमी नसतो. वाळवण्यातला खर्च त्यात वरून मिळवावा लागतो. फायदा झाला असता, तो खोऱ्यातील स्वतःच्याच जुन्या केंद्रांत. त्यांपैकी हेझलवूड मार्च २०१७ मध्ये बंद झाले, यालोर्न २०२८ मध्ये आणि लॉय यांग ‘ए’ २०३५ पर्यंत बंद करण्याचे ठरले आहे.